खाल्लेलं अंगी लागेना

किन्हीराजाच्या बाजारात पूनमचंद शेठचं धान्याचं दुकान होतं आणि त्याच्याच मागं घर. गहू, ज्वारी, तूर, पोत्यांच्या थप्प्या पार आढ्याला टेकलेल्या. आणि त्या थप्प्यांच्या पायथ्याशी बसलेलं शेठचं एकुलतं एक पोरगं, तीन वर्षांचा अजित, पाहिला, की नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हे कुणा उपाशी घरचं पोर इथं चुकून येऊन बसलंय. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. रोजंदारीवर खडी फोडणाऱ्यांची पोरंसुद्धा आता अंगानं भरली होती. अजित मात्र तसाच. हातापायांच्या काड्या, केस पिंजलेल्या सुतळीसारखे भुरे, आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं पुढं.

बरं, न खाऊन असं झालं असतं तर समजलं असतं. पण त्या घरात पोराच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता. सकाळी शिरा, दुपारी तुपात बुडवलेला फुलका, दिवस मावळायच्या आत पुन्हा काहीतरी गोड. आणि जेवढं आत जायचं तेवढं सगळं बाहेर यायचं. पांढुरकं, फेसाळ आणि असं घाण वासाचं, की धुणं धुणाऱ्या बाईनं नाकाला पदर लावून पगार वाढवून मागितला. अहो, खाल्लेलं अंगी लागावं लागतं! ते लागतच नव्हतं.

कुणामुळं लागत नव्हतं, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. गावाला काय, निवाडा द्यायला ना साक्ष लागते ना पुरावा. अजितची आई तो दूध पीत होता तेव्हाच तापानं गेली. वर्षाच्या आत पूनमचंदनं आसेगावच्या अंगुरीबाईशी दुसरं लग्न केलं. झालं! सावत्र आई आली आणि पोर वाळलं, यापेक्षा सोपा हिशोब कोणता?

अंगुरीबाई घरात आली तेव्हाच पोर वाळलेलं होतं, हे कुणी लक्षात घेतलं नाही. ती बावीस वर्षांची, गरीब घरची. माहेरी किराण्याचं एवढंसं दुकान. घरचं जेवण ज्वारीची भाकर, आणि गहू सणासुदीला. सासरी रोज फुलके मिळाले तेव्हा पहिले काही दिवस ती हरखून गेली होती. पण या पोरानं तिचा जीव असा टांगणीला लावला, की घास घशाखाली उतरेना. ते पोर तिला चिकटलं होतं. तिच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपायचं नाही, आणि तिला "माय" म्हणायचं.

ती त्याला जेवू घालायची ती बाहेरच्या ओट्यावर बसून. घरात नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं, वाटीत तूप किती आहे ते. भाजी विकायला येणारी हौसाबाई माळीण टोपली उतरवून बघत उभी राहायची.

"देऊन त राह्यली बाई," ती एकदा म्हणाली, "पन मनातून देतं का वं?"

अंगुरीबाईनं घासावर आणखी तूप ओतलं. मनातून म्हणजे कसं, ते कुणी सांगितलं असतं तर तिनं तसंही दिलं असतं.

घरात सासूची, पानाबाईची सत्ता. पानाबाई काही दुष्ट नव्हती हो. नातू म्हणजे तिचा प्राण. वाळलेल्या पोरावर तिच्या घराण्यात एकच उपाय चालत आलेला होता, गव्हाचा चीक. पहाटे निवडक गहू भिजवायचे, दुपारी पाट्यावर वाटायचे, फडक्यातून पिळायचे. खाली जे पांढरंशुभ्र बसतं तो चीक, गव्हाचं सगळं सत्त्व. तो तुपात शिजवून साखर घालून चारायचा. लोक त्यासाठी गहू दोन-तीन दिवस भिजत ठेवतात, पण या जैन घरात आंबलेलं चालत नसे, म्हणून रोजच्या रोज नवा घाणा. सांधे धरलेले असूनही पानाबाई स्वतः पाट्यावर बसायची. सुनेला हात लावू द्यायची नाही.

"चीक मीच करीन," ती म्हणायची. "तुह्या हातानं नको."

शेवटी पूनमचंदनं पोराला वाशीमला नेलं. अंगुरीबाई बरोबर होती. डॉक्टर तरुण होता, बोलका होता. त्यानं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या आतल्या पांढऱ्या पडलेल्या कडा पाहिल्या, आणि पुढ्यातल्या कागदावर एक नळी काढली.

"अन्न पोटात गेलं म्हणजे जेवण झालं असं नसतं, बाई," तो म्हणाला. "जठरात ते घुसळून निघतं. पुढं त्यात पित्त मिसळतं, आणखी रस मिसळतात, त्याचं पाण्यासारखं पातळ होतं. तरीसुद्धा ते अजून बाहेरचंच. खरं जेवण होतं ते लहान आतड्यात. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखी लव असते. त्या लवेतून सगळा कस रक्तात झिरपतो. तुमच्या पोराची ती लव झिजलेली दिसते. तुम्ही वरून कितीही ओता, खाली घसरून जातं."

"अन् झिजली काहून?" अंगुरीबाईनं विचारलं.

डॉक्टरनं पेन्सिल खाली ठेवली. "ते मला सांगता येत नाही. जंत असतील. आधी जंताचं औषध देऊ. टॉनिक देतो. आणि गव्हाचं सत्त्व देता म्हणालात ना? चांगलं आहे, चालू ठेवा."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून रडत होती. आजवर तिला वाटत होतं, आपलं काहीतरी कमी पडतंय. आता कळलं, की कमी काहीच पडत नव्हतं. पोर भरल्या ताटावर उपाशी मरत होतं. पूनमचंद बिचारा समोरच्या सीटच्या दांड्याला धरून बसला होता. भांडण त्याला कधी जमलं नाही, आणि रडणंही नाही.

जंताच्या औषधानं जंत पडले नाहीत. टॉनिकची बाटली संपली. मग अंगुरीबाईनं तिला जे येत होतं ते केलं. ती शिरपूरच्या जैन मंदिरात गेली, देवासमोर हात जोडून तिनं नियम घेतला: पोर बरं होईस्तोवर गहू तोंडात घालणार नाही. आपल्या जिवाला जे आवडतं तेच सोडायचं असतं. नावडतं सोडलं तर त्यात कसला आलाय त्याग! पानाबाईलासुद्धा ते पटलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं सुनेकडं बरं बघितलं.

त्याच सुमारास पानाबाईची लेक रिसोडला बाळंत व्हायची होती. पानाबाई तिकडं गेली. पहिलटकरीण, नाजूक, त्यात लांबलं. घरात पाट्यावर बसणारं कुणी उरलं नाही. अंगुरीबाई स्वतःपुरती ज्वारीची भाकर थापायची, मुगाचं वरण करायची, आणि पोरासाठी वेगळा फुलका. पण अजितनं फुलका तोंडातून काढून टाकला. त्याला तिच्या ताटातलं पाहिजे होतं.

"माय, तुह्यं," तो म्हणायचा आणि वरणात कुस्करलेल्या भाकरीकडं बोट करायचा.

पहिल्या दिवशी तिनं त्याला रागे भरलं. शेठच्या पोरानं मजुरांची भाकर खायची? कुणी पाहिलं तर? दुसऱ्या दिवशी त्यानं दिवसभर काहीच खाल्लं नाही, तेव्हा हरून तिनं एक घास दिला. मग आणखी एक. मग ते दोघं एकाच ताटात जेवायला लागले. ओट्यावर नाही, आत, चुलीपाशी, चोरासारखे.

आणि काय सांगावं! पंधरवडा गेला नसेल तोच पोराची परसाकडची फेरी कमी झाली. पुढं शौचाला घट्ट व्हायला लागलं. तुम्हा-आम्हाला त्याचं काय, पण ती बाई ते बघून न्हाणीच्या भिंतीला टेकून हसत सुटली. पोट ओसरलं. एके दिवशी पोर पोत्यांवर चढताना सापडलं. पूनमचंदनं मापटं खाली ठेवलं आणि गिऱ्हाइकासमोर डोळे पुसले. "नियम फळला वं," एवढंच तो म्हणाला. तिलाही तसंच वाटलं. भाकरीचा संबंध तिच्या डोक्यातसुद्धा आला नाही.

पानाबाई परतली तर नातू दारातून पळत आला. तिनं त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. नियम पुरा झाला तर तो सोडायचा समारंभ नको? दुसऱ्याच दिवशी पारणं झालं. गव्हाची लापशी, तुपाची धार, फुलक्यांची चळत. शेजारीपाजारी जेवले. पानाबाईनं सुनेला स्वतःच्या हातानं लापशीचा घास दिला, आणि दुसरा घास नातवाला. पारण्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाटा पुन्हा सुरू झाला. राहिलेलं अंग भरायला चीक हवाच!

आठवडा सरला नाही आणि वास परत आला.

पोट पुन्हा फुगलं. पोर पोत्यांवरून उतरलं ते उंबरठ्यावर बसलं आणि उंबरठ्यावरून अंथरुणावर गेलं. या वेळी उतार असा झपाट्याचा, की बघवेना. पानाबाई चिकाची वाटी घेऊन मागं मागं. पोर तोंड फिरवायचं, ती गाल दाबून चमचा आत घालायची. आणि अंगुरीबाई दारात उभी राहून ते बघत असताना एका दुपारी तिच्या ध्यानात आलं. नियम घेतला तेव्हा काय बदललं? तिनं गहू सोडला. पण तिच्याबरोबर पोरानंही सोडला होता. नियम मोडला तेव्हा दोघांनी मोडला.

ती नवऱ्याच्या मागं लागली. पुन्हा वाशीम, पुन्हा तोच डॉक्टर. तिनं सगळं सांगितलं.  तो उठला, कपाटातून जाड पुस्तक काढलं आणि उभ्यानंच वाचत राहिला.

"असा एक आजार असतो," तो म्हणाला. "काही माणसांच्या आतड्याला गहूच सोसत नाही. गहू लागला की ती लव झडते. गहू बंद केला की परत उगवते. आपल्याकडं मी एकही पाहिला नाही, म्हणून मला सुचलं नाही. माझं चुकलं, बाई. गहू पूर्ण बंद करा. कणभरसुद्धा नको. आणि लवकर करा, आता याच्या अंगात काही उरलेलं नाही."

तिला वाटलं, संपलं, सुटलो! वेडी कुठली. घरी पानाबाई होती.

"काय म्हनते थो डाक्तर? गहू इख आहे?" पानाबाईचा आवाज दुकानापर्यंत गेला. "आधी म्हने चारा, आता म्हने चारू नका! अन् तू काय खाऊ घालत होती त्याले माह्यामागं? भाकर? शेठच्या पोट्ट्याले भाकर? लोक खोटं नाई बोलत. सावत्र थे सावत्रच!"

"आत्याबाई, भाकरीवर थो बरा झाला होता. तुमी पाह्यलं ना डोयानं?"

"थो नियमानं बरा झाला होता. तुह्या पारन्यात काईतरी खोट राह्यली असन."

अंगुरीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. पूनमचंदनं आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "आई, डाक्तर म्हनत होता..." एवढं म्हणून तो थांबला. पानाबाईनं पोराला उचललं, आपल्या खोलीत नेलं, पाटा, शेगडी, गहू सगळं आत घेतलं आणि आतून कडी घातली. दाराच्या फटीतून पाटा-वरवंट्याचा आवाज येत राहिला, आणि पोराची "माय, माय" अशी बारीक हाक. अंगुरीबाईनं दारावर हात आपटले, पाया पडते म्हणाली, शिव्यासुद्धा दिल्या, ज्या तिनं जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या. दार उघडलं नाही. बाहेर ओट्याशी हौसाबाई टोपली घेऊन उभी होती. ती मान हलवत पुढं गेली.

मग अंगुरीबाई दाराबाहेर फरशीवर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, की आतल्या बाईला नीट ऐकू जावं, "आत्याबाई, आयका. त्याच्या पोटात गहू जाईन तोवर माह्या पोटात अन्न जानार नाई. नियम घेतला म्यां."

त्या घरात शब्दाला शब्द देता येत होता, पण घेतलेला नियम कुणी मोडायला लावू शकत नव्हतं. पूनमचंद पाण्याचा तांब्या ठेवून गेला. उपासाच्या रीतीप्रमाणं दिवसाउजेडी उकळलेलं पाणी ती प्यायची, तेवढंच. असे बरेच दिवस लोटले. अंगातली चरबी गेली, मग डोक्यातला राग गेला. उभं राहिलं की भिंत फिरायची. डॉक्टरचं ते चित्र तिच्या डोळ्यांपुढं यायचं. तिचं आतडं चांगलं होतं, लव शाबूत होती, आणि त्या लवेला झिरपवायला काही नव्हतं. पलीकडं पोराच्या आतड्यात सगळं होतं आणि लव नव्हती. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं सारखीच मरत होती. तिला त्याचं हसू यायचं आणि हसायची ताकद नसायची.

पोराची हाक बंद झाली त्या दिवशी तिनं आशा सोडली.

दुपार होती. कडी निघाली. पानाबाई पोराला मांडीवर घेऊन उंबरठ्यातच बसली, उजेडाला. चिकाची वाटी शेजारी, भरलेली. पोराचे डोळे अर्धे उघडे होते. पानाबाई त्याचे पाय चोळत होती. पाय भरल्यासारखे दिसत होते, गुबगुबीत. क्षणभर अंगुरीबाईलासुद्धा वाटलं, अंग धरलं की काय. पानाबाईनं पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. भरून येईना. पानाबाईनं दुसऱ्या पायावर दाबलं. तिथंही तसंच.

म्हातारी त्या खड्ड्याकडं बघत राहिली. तिचं तोंड राखेसारखं झालं. मग ती उठली, पोर सुनेच्या मांडीवर ठेवलं आणि चुलीकडं गेली.

डबे उघडल्याचा आवाज आला. मग थापल्याचा, वेडावाकडा, थांबत थांबत. पानाबाईनं उभ्या जन्मात ज्वारीची भाकर थापली नव्हती. ती परत आली तेव्हा ताटलीत भाकरीचे तुकडे होते, कडा जळलेल्या, मधे कच्चट. पूनमचंदसाठी शेजारून आलेलं मुगाचं वरण तिनं त्यावर ओतलं, कुस्करलं, पार लगदा केला आणि पोराच्या ओठांना लावला. पोरानं जीभ बाहेर काढली. चाटलं. कितीतरी वेळानं गिळलं. दुसरा घास त्यानं तोंड उघडून मागितला.

चार-पाच घासांनंतर त्याला झोप लागली. पानाबाई ताटली हातात धरून बसून राहिली.

"पूनमच्या आंधी मले दोन झाले होते," ती म्हणाली. अंगुरीबाईला हे ठाऊक नव्हतं. या घरात ते कुणी कधी उच्चारलंच नव्हतं. "एक याच्याएवढा. एक लहान. पोट असंच. अखेरीले पाय असेच सुजले. लोक म्हनत, चीक चार, चीक चार. म्यां दोघाइले चारला. चमच्यानं, गाल दाबून. थे तोंड फिरवत होते वं, अन् मी गाल दाबत होतो. दोघंबी माह्या मांडीवर गेले, तोंडात चीक होता."

अंगुरीबाईनं पोराच्या ओठांवरचं वरण पदरानं पुसलं.

"तू म्हनाली गहू, तवाच मले समजलं होतं," पानाबाई म्हणाली. "पन हो कशी म्हनू? हो म्हनलं तं त्या दोघाइले कोनं मारलं?" तिनं सुनेचं मनगट धरलं, जोरात. "तू सांग. तू खोटं बोलत नाई. भाकर देल्ली असती तं जगले असते का थे?"

अंगुरीबाईनं मांडीवरच्या पोराकडं पाहिलं. त्याचा श्वास चालला होता. मग तिनं सासूच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं, "नाई, आत्याबाई. त्याइचा आजार येगळा होता. तुमच्या हातानं काई झालं नाई."

 सून खोटं बोलली, हे पानाबाईला कळलं; आणि तिला कळलं, हे सुनेलाही कळलं. मग म्हातारीनं ताटलीतली उरलेली कच्ची भाकर गोळा केली, घास केला आणि सुनेच्या तोंडाशी धरला. अंगुरीबाईनं तोंड उघडलं.